काहीच नाही आलं तर

लियेपायाच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
आइनार्स आईच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलाय.
बाहेर बाल्टिकचा वारा
खिडकीच्या चौकटीत बोटं घालून बघतोय
कुठे सैल आहे.
वेल्ता बटाटे सोलतेय. साल मध्ये तुटू देत नाही.

शोधयंत्राला असं उठून थेट विचारता येत नाही, तो सांगतो,
मध्ये एक लायब्ररी लागते,
पुस्तकांची नव्हे गं,
दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला शिरस्ता.
प्रश्नाला ठरलेला आकार, उत्तरालाही.
शीर्षक म्हणजे अक्षरंच,
क्रमांक म्हणजे आकडाच,
आणि तारीख
असेलही, नसेलही.
खरंच तसं टाइपातच लिहिलंय बघ: असेलही, नसेलही.

"हे बरंय," वेल्ता म्हणते,
"आधीच सांगून मोकळे."

नाव वाल्डिस. आडनाव काल्वे.
जन्म सत्तावीसचा.
चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात मासेमारीच्या होडीतून
गोटलंडच्या दिशेनं,
खिशात उकडलेली दोन अंडी.
अंडी वेल्तानं मोजली होती. सहा वर्षांची होती,
दोनपर्यंत चांगलं मोजता यायचं.

आइनार्स लिहितो. कंपायलर अडून बसतो.
पंधराव्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ:
उत्तर आलं तर काय करायचं ते लिहिलंस.
काहीच नाही आलं तर?

यातून एक पळवाट आहे.
नावापुढे उद्गारचिन्ह ठोकायचं,
म्हणजे शपथेवर सांगायचं की आहे, आहेच,
माझ्या भरवशावर जाऊ दे पुढे.
त्याचा हात त्या खुणेपर्यंत जातो
आणि तिथूनच परत येतो.

"काय म्हणतंय ते?"
तो वाचून दाखवतो.
"मग लिही की. एवढं काय त्यात?
काही नाही आलं तर रात्रभर ताट मांडलेलं ठेवायचं,
सकाळी धुऊन फडताळात.
एकोणऐंशी नाताळ तेच करतेय मी,
मला कुणी लाल रेघ नाही मारली."

तो तसं लिहीत नाही.
लिहितो: रिकामी यादी परत दे.
रेघ विझते.

पहिल्या खेपेला पलीकडून दटावणी येते:
फार वेळा विचारलंत. साठ सेकंद थांबा.
"किती?"
"साठ सेकंद, आई."
वेल्ता इतकी हसते
की हातातला बटाटा पाण्यात पडतो, साल तुटते.

मग दहा उत्तरं येतात, एकाआड एक, अंग चोरून.
ॲडलेडमधलं टायरचं दुकान, शनिवारी अर्धा दिवस.
बुद्धिबळात दुसरा आलेला शाळकरी पोरगा.
कुठल्याशा चर्चच्या छपरासाठी वर्गणी दिलेल्यांची यादी,
त्यात व्ही. काल्वे, पाच डॉलर.
तारीख नाही.
प्रत्येकाला शीर्षक आहे, दुवा आहे, दोन ओळींचा सारांश आहे.
आकारात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

वेल्ता पाच डॉलरवर बराच वेळ थांबते.
"कंजूष होता खरा," म्हणते,
आणि मग, "पण त्याला घरात वाल्डिस म्हणायचंच कोण?
झ्विर्बुलिस म्हणायचो आम्ही."
"आई, झ्विर्बुलिस म्हणजे चिमणी."
"चिमणा. लिही."
"अगं, जगातल्या सगळ्या..."
"लिही."

कंपायलरची काही हरकत नाही.
अक्षरं मागितली होती, अक्षरं मिळाली.
आणि भरारा येतात चिमण्या,
वळचणीतल्या, हिमातल्या, टपाल तिकिटावरच्या,
डावा पाय मोडलेली एक,
कोणाच्या तरी बाल्कनीत पाव टिपणारी.
लाखांच्या घरातला आकडा. एकही एरर नाही.

आइनार्स खिडकी बंद करायला जातो, स्क्रीनवरची.
ती हात पुसते, चष्मा शोधते,
स्टूल ओढून त्याच्या कोपरापाशी बसते.
"पहिल्यापासून लाव."

बटाटे राहतात तसेच.
तो पानाच्या जागी एक लिहितो.
तिथं आकडाच लागतो.