सही जुळत नाही

ओरोसच्या आरटीओत खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला,
बाई, सही जुळत नाही.
त्याने दोन्ही कागद माझ्याकडे वळवले.
एकीकडे सन दोन हजार एकची शालन तिरोडकर:
‘श’ची गाठ घट्ट, शेवटची रेघ
चौकटीबाहेर पळत सुटलेली.
दुसरीकडे परवाची मी,
रेघ निघालेली, कुठेच न पोचलेली.

गाडी विकायला कारण लागतं. लोक विचारतात.
मी सांगते, गुडघा.
सीट इतकी खाली की बसणं म्हणजे पडणं,
आणि उठायला फाटकाच्या खांबाला दोरी बांधून ठेवलीय.
क्लचचं मात्र कुणाला बोलले नाही.
मठच्या चढावर पाय उचलायला सांगितला
आणि तो माझा आहे
हे त्याला क्षणभर आठवलं नाही.

गोव्यात बनलेली, दोन सीटांची, कापडी टपाची.
बाईमाणसाला कशाला असली गाडी, लोक म्हणाले.
मग लोकांनाच मध्यरात्री औषधं लागली.
फायबरचं अंग, म्हणून खाऱ्या हवेनं वरून काही खाल्लं नाही.
जे खाल्लं ते खालून, चेसिसला, गुपचूप.
मोचेमाडच्या वळणावर बैलानं डावा मडगार्ड फोडला,
गॅरेजवाला म्हणाला, पार्ट येणार नाही.
बंदरावर बस्त्याव होड्यांची भोकं बुजवतो,
त्याच्याकडे नेली.
त्यानं तळवा फिरवून बघितलं.
‘ही गाडी न्हय गे बाय, होडी आसा.
पाण्यात घातलंस तर तरंगतली.’
कुणाच्या तरी होडीचा निळा रंग उरला होता, तोच लावला.
लाल गाडीला एक निळा खांदा.

चोवीस वर्षं शेजारच्या सीटवर
इन्सुलिनचा बर्फाचा डबा बसला, पट्टा लावून.
कधी फणस.
कधी कुसुमावती नर्स, डोक्याला रुमाल,
शिरोड्याहून परतताना इतकी हसायची
की अर्धं हसणं वाऱ्यात मागे पडायचं,
माझ्यापर्यंत कमीच यायचं.
ती गेली, मग वर्षभर मी टप लावूनच चालवली.

बेळगावहून मल्लिकार्जुन आला, वय सत्तावीस.
मी सगळं सांगितलं:
तिसरा गिअर लाडीगोडी मागतो,
मीटर सत्त्याऐंशी हजारांवर थांबलाय, आठ वर्षं झाली,
पावसात उजव्या पायावर थेंब पडतो,
एकच, नेहमी तिथंच.
तो निळ्या खांद्यावर हात ठेवून उभा.
‘हा लाल करून घेईन, आंटी.’
मी दहा हजार कमी करणार होते.
केले नाहीत.

आणि सही जुळेना.
चार रात्री मेडिकलच्या जुन्या बिलांच्या पाठीवर
मी माझीच सही गिरवली.
दुसऱ्या कुणाची गिरवली असती तर गुन्हा होता.
हळू लिहिलं की हात कापतो,
वेगात लिहिलं की कापायला त्याला वेळच मिळत नाही.
गाडीचंही हेच. चाळीसला थरथरायची,
सत्तरला गप्प.

शुक्रवारी खिडकीशी उभी राहिले,
मोकळा रस्ता दिसल्यावर घेतात तसा श्वास घेतला,
आणि रेघ सोडून दिली.
माणसानं मान न उचलता शिक्का मारला.

साडेचारला फोन. आंबोलीचा घाट, काटा लालवर.
‘बंद करू?’
नको. टप उघड. हीटर लाव, पूर्ण.
‘हीटर? उकडतंय, आंटी.’
उकडू दे. तिची थोडी उष्णता तू घे.
मग तो बोलला नाही, मीही नाही.
फोन सीटवर ठेवला असावा, इन्सुलिनच्या जागी.
वारा. एसटीचा हॉर्न. इंजिन जरा शांत झालं.
आता तिसरा टाकेल, मी म्हटलं,
आणि अडकेल, आणि मला विचारेल,
मी सांगायला तोंड उघडलं,

पडला. पहिल्या फटक्यात.
माझ्या हाताला कधी पडला नव्हता.