‘आ’चा खण

साखर पेठेत बोळाच्या तोंडाशी आमचा छापखाना.
वरती बापाचं नाव, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत,
खाली उन्हानं फिकुटलेला लग्नपत्रिकेचा नमुना.
अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. मी अकरा वर्षांची.
माझं काम कागद मोठ्यानं वाचायचं,
दुर्गाप्पाचं खिळे उचलायचं.

दुर्गाप्पा सेटलमेंटचा. तारेच्या आतला.
खिशात पास, पासावर आंगठा,
मानेवर सहाच्या हजेरीचा धाक.
चोरी कुठली, ते पासावर नव्हतं.
कुणाच्या पोटी जन्मला, एवढंच होतं.
अक्षरं तो आमच्याकडेच शिकला, खिळ्यांवरची, उलटी;
दुकानाची सरळ पाटी वाचताना अडखळायचा.

कुणा वकिलानं पुस्तिका टाकली होती छापायला:
देशाच्या घटनेचा मसुदा, सोप्या मराठीत,
लोकांनी वाचावा, सूचना धाडाव्यात.
पाचशे प्रती. निम्मे पैसे आगाऊ.

मी पहिला शब्द वाचला: आम्ही.
त्याचा हात ‘आ’च्या खणावर गेला
आणि तिथंच राहिला.
“पोरी, आम्ही का आपण?”
“आम्ही लिहिलंय.”
“आम्ही म्हंजे, ज्याच्याशी बोलतोय तो त्यात नाही.
‘आम्ही जेवतो’ म्हटलं की दारातला दारातच.
‘आपण जेवू’ म्हटलं, तर त्याला पाट मांडावा लागतो.”

बाप गल्ल्यावरून हसला. “मेमु, मनमु.
आमच्यातही दोन हैत की रे.”
“आमच्यातही,” दुर्गाप्पा म्हणाला,
पण त्याच्या बोलीतले दोन शब्द
त्यानं सांगितले नाहीत. आम्हीही विचारले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कच्च्या छपाईत
पहिला शब्द होता ‘आपण’. शाई ओली.
चूक धरली की मला पैसा मिळे.
ती मी धरली नाही.
वकिलानं धरली. समासात तांबडी रेघ.
बरोबरच होतं त्याचं, मुळात तेच होतं.
दुर्गाप्पानं चिमट्यानं ‘पण’ उपसून काढलं,
‘आ’ तेवढा जागेवर राहू दिला.
पावणेसहाला रॉकेलनं हात धुतले आणि पळाला.

पन्नासच्या जानेवारीत गड्डा अजून उठला नव्हता,
पाळणे फिरत होते, चौकाचौकात झेंडे,
शाळेत बत्तासे वाटले. मी दोन घेतले,
एक खिळ्यांच्या पेटीवर ठेवला.
त्या दिवशी तो आला नाही.
सणाला पास बंद. गर्दीत चोऱ्या होतात म्हणून.
बत्ताशाला मुंग्या लागल्या,
मुंग्यांना शाई.

तार बावन्नला निघाली.
भंगारवाल्यानं वजनावर नेली म्हणतात.
त्या संध्याकाळी मिलचा भोंगा झाला
तरी दुर्गाप्पा खिळे सोडवत बसलेला,
कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतलं अक्षर न् अक्षर
ज्याच्या त्याच्या खणात टाकत.
साडेसहा. सात.
बापानं विचारलं नाही. दिवा तेवढा जवळ सरकवला.
आठाला तो उठला, पाठ मोडली,
दाराशी जाऊन मला म्हणाला,
“चल, आपण कुलूप लावू.”

पण किल्ली कुठं टांगतात ते त्याला ठाऊक नव्हतं.
इतक्या वर्षांत छापखाना बंद होताना
त्यानं पाहिलाच नव्हता.