चौतीसची जोडी

आण्णांचं दुकान निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून.
व्हॉल्व्ह असायचे बिस्किटाच्या डब्यात,
आईच्या फाटक्या लुगड्यात गुंडाळलेले.
हुक्केरीचा शिवलिंगप्पा दारातनंच विचारायचा,
"मूवत्नाल्क ऐतेन्री?"
आण्णा मान वर न करता, "हाय की. जोडी पायजे का सुटा?"

ईएल चौतीस म्हणजे गळ्याचा व्हॉल्व्ह.
गाणाऱ्याला पडसं झालंय हेही कळायचं.
सहा एल सहा रुंद खांद्याचा, हलगी पडेल तशी देणारा,
आपल्या पदरचं काही न घालता.
चौऱ्याऐंशी बोटाएवढा, नऊ पायांचा, रेडिओतला.
"ह्येला जत्रंत नेऊ नको, बुजतंय ते."
आणि बारा एएक्स सात, जो कर्ण्यापर्यंत कधी जातच नाही,
कुजबुज उचलून मोठ्यांच्या हातात देतो.
त्याला पेन्सिलीनं टिचकी मारायची.
कर्णा टण्ण वाजला तर तो चहाडखोर,
पहिल्या खोबणीत बसवायचा नाही.

माझं काम एकच. दिवा घालवून बघत बसायचं.
"आतला पत्रा लाल दिसला की वरड, शेवंते."
नऊ वर्षांची होते.
दिसला.
आधी कडेला, मग मधोमध, विडी ओढल्यासारखा.
मी वरडले नाही.
इतकं सुंदर काही आमच्या घरात नव्हतं.

मग काच तडकली, बारीक.
माथ्यावरचा चांदीचा डाग
बघता बघता दुधासारखा पांढरा.
"हवा शिरली," आण्णा म्हणाले. एवढंच.
संकेश्वरच्या लग्नाला मशीन गेलं नाही.

त्या जोडीतला दुसरा अजून माझ्याकडं आहे,
बुडाला आईच्या नेलपॉलिशची खूण.
कोल्हापूरचा एक पोरगा आला होता, हजार देतो म्हणाला.
याच्या मापाचा दुसरा कुठं मिळणार त्याला?

कधी कधी एकट्यालाच लावते.
तापेपर्यंत आण्णा चौतीस मोजायचे,
मराठीत सुरू करून,
हातात डाग द्यायची कांडी असली की मध्येच कन्नडात.
मी मोजते तशीच, मिसळून.
सत्तावीसला घुंई सुरू होते.
दोघं असले की एकमेकांची घुंई गिळून टाकतात,
हे त्यांनीच सांगितलं होतं.

पुढचे सात मी मोजत नाही.