उलटं फिरणारं इंजिन

अमळनेरच्या बंद जिनिंगमागे
पत्र्याच्या शेडात सहा सिलिंडर.
पितळी पाटी रॉकेलनं पुसली:
चार, चार, एक,
पुढचं कुणीतरी खरवडलेलं.

तीन पत्रं टाकली. उत्तर एकच आलं,
भंगारवाल्याच्या नातवाचं.
बोट मंगळुरी कौलं न्यायची, येताना खजूर.
डावीकडचं इंजिन तुमच्याकडे,
उजवीकडचं कुठं गेलं, वहीत नाही.

झिपरू मिस्तरीला वाचून दाखवलं.
चाळीस वर्षं ह्याच्या तेलात त्याचे हात.
म्हणाला, "हाई उलटं भी फिरस."
जिनिंगला मागं कशाला जायचंय?
पण एका रात्रपाळीत त्यानं दांडा ओढलाच.
पट्टा उडाला, सरकी भिंतभर,
आठ दिवसांचा पगार गेला.

"मंग कशाले ओढा?"
"बंदरले लागतांना कसं वाजस,
माले ऐकनं व्हतं."

समुद्र त्यानं पाहिलेला नाही.
इंजिन आलं तेव्हा जाकिटातून निघालेला पांढरा थर
तंबाखूच्या डबीत ठेवलाय.
जिभेला लाव, म्हणाला.

खारट होता.
आमच्या बोरिंगचं पाणीही
तसंच लागतं म्हणा.