तपासणारी

सकाळी साडेसहाला मशीन जागं करते मी.
कॅलिब्रेशन, मग दोन कंट्रोल, एक खालचा, एक वरचा.
दोन्ही आपापल्या रेघेत बसले
की धंतोलीतल्या या तळघरात दिवस सुरू.

नऊपर्यंत स्वप्नील डबे आणतो,
उमरेड, मौदा, काटोल,
बर्फाच्या पिशव्यांत पिवळ्या टोपीच्या नळ्या.
बाहेर सेहेचाळीस.
"ताई, आज डबाच मले थंडा करून राहिला,"
म्हणतो आणि डबा गालाला लावतो.

नळीवर बाईचं नाव नसतं, बारकोड असतो.
एएमएच. अठरा मिनिटं.
सुया सुरू केल्यावर
बीजकोष किती साथ देतील याचा अंदाज,
एवढंच.
हे एवढंच मी काउंटरवर हजारदा गिळलंय,
कारण आकडा आम्ही द्यायचा, अर्थ डॉक्टरांनी.
परवा लांजेवार नावाची एक बाई
रिपोर्ट उलटा धरून विचारत होती,
"पास झाली का मी?"

आज नवव्या खाचेत माझी नळी.
रक्त माझं मीच काढलं, डाव्या हाताचं,
दातांनी पट्टा ओढून.
अलीकडे कुणी मौद्याची, पलीकडे कुणी काटोलची,
सुई तिघींत सारखीच बुडाली.

०.७

कंट्रोल बरोबर असताना नमुना पुन्हा लावायचा नाही,
ही पाटी भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे.
मी पुन्हा लावला.
०.७१
सकाळी मीच तर त्याला खरं बोलायला लावलं होतं.

रिपोर्टवर दोन जागा भरायच्या असतात.
रुग्ण : सुकेशिनी मेश्राम, वय चौतीस.
तपासणारी : सुकेशिनी मेश्राम.
सही नीट आली.

डॉक्टरबाईंनी डोस वाढवला.
"तीन-चार बीजं हाती लागतील, कदाचित पाच.
हा आकडा मोजणीचा आहे.
मूल होईल की नाही, ते यात लिहिलेलं नसतं."
मला माहीत होतं.
माहीत असलेलंच ऐकताना
घसा एवढा का कोरडा पडतो,
ते आमच्या कोर्सला नव्हतं.

जरीपटक्याला संध्याकाळी नवरा कूलर भरत होता,
पाइप आखूड पडतो म्हणून बादल्यांनी.
"किती आला?"
"शून्य पॉइंट सात."
कोराडीला दिवसभर मीटर वाचणारा माणूस,
पॉइंट चुकला तर रात्री झोपत नाही.
त्यानं बादली खाली ठेवली. ओले हात शर्टाला पुसले.
"मंग सात हाय ना कुठीतरी."

चूक होती. त्यालाही माहीत होती.
दुरुस्त करणार होते मी,
तेवढ्यात पंप गुरगुरला,
ओल्या गवताचा वास घरभर झाला.

फ्रिजच्या दारातली अंडी काढून
मी एका वाडग्यात ठेवली,
आणि त्यांच्या खाचांत
दहा दिवसांची इंजेक्शनं उभी केली.
दोन खाचा कमी पडल्या.