साक्षीदार क्रमांक अकरा

मडगावच्या सत्र न्यायालयात पंखा फिरतो,
वारा मात्र लागतो फक्त वरच्या कागदांना.
मी पिंजऱ्यात उभी. शपथ घेतली.
वय एकसष्ट, राहणार फातोर्डा.
धंदा? माणसं न केलेलं का कबूल करतात ते वाचणं.
टंकलेखिकेनं लिहिलं, मानसशास्त्रज्ञ.

आरोपी पुनो वेळीप, पाडेली.
केपें ते पारोडा, दर तीन महिन्यांनी
तेच माड, तीच कोयती.
एस्पेरांसबायच्या परसात माड चौदा,
पंधरावा विजेनं गेला,
पण हा मोजताना अजून पंधराच म्हणतो.
शनिवारी म्हातारी विहिरीपाशी सापडली.
गळ्यात माळ नव्हती.

पोलिसांनी त्याला मारलं नाही.
हे मी आधीच सांगितलं, कारण सगळे तिथेच शोधतात.
चहा दिला. पाव दिला. झोप दिली नाही.
खोलीत खुर्ची एक जादा होती, तिच्यावर फायली होत्या.
बायकोला बाहेरच्या बाकावर बसवली,
त्याला दारातून दिसेल अशी.
चौथ्या रात्री कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं,
माणूस कधी कधी करतो आणि विसरतो रे, पुनो.
आणि पुनो म्हणाला,
तुमी म्हणटात जाल्यार हांवेंच केलां आसतलें.

इंग्रजीत उतरताना त्यातलं 'जाल्यार' गळलं.
'आसतलें' पण.
मॅजिस्ट्रेटपुढे पोचलं ते नुसतं, मी केलं.

माळ कुठे?
पहिल्या दिवशी, ठाऊक नाही.
तिसऱ्या दिवशी, विकली असेन.
पाचव्या दिवशी, पारोड्याच्या पुलावरून कुशावतीत टाकली,
तीनपदरी, क्रूस तुटका.
अग्निशामक दलाचे दोघे दोन दिवस बुड्या मारत राहिले.
वर आला गाळ, एक चप्पल, गणपतीचा पाट.

आठ महिन्यांनी भाचीनं उकड्या तांदळाचा डबा उपसला.
तळाशी माळ, जुन्या रुमालात,
म्हातारीनंच लपवलेली.
एकपदरी. क्रूस धडधाकट.

तीन पदर होते शेजारणीच्या फिर्यादीत,
तिथेच तो क्रूसही तुटला होता.
फिर्याद कोणाच्या टेबलावर होती, कोर्टाला माहीत आहे.
ती चूक पुनोच्या तोंडात गेली कुठल्या वाटेनं,
एवढंच मी विचारते आहे, असं मी म्हटलं,
आणि जेवणाची सुट्टी झाली.

उलटतपासणी सरकारी वकील शिरवईकरांची.
सभ्य माणूस. आवाज चढवला नाही एकदाही.
पावणेपाच वाजले. माझे पाय सुजून
चपलेच्या पट्ट्यांवरून ओघळले होते.
चौदा मार्चला तुम्ही आरोपीला भेटलाच नव्हता, बरोबर?
भेटले होते. कोलवाळचा तुरुंग, सिमेंटचा तापलेला बाक,
तुमच्या दारात माड आहे का, विचारलं होतं त्यानं,
आणि नाही म्हटल्यावर बिचाऱ्याला माझंच वाईट वाटलं होतं.
हे पाच वेळा सांगितलं.
सहाव्यांदा तोच प्रश्न आला,
तितकाच मऊ,
आणि मी म्हटलं, हो.

हो म्हणजे, ऐकलं. हो म्हणजे, पुढे चला.
टंकलेखिकेची बोटं थांबली नाहीत.
हे खरे आहे की चौदा मार्च रोजी
मी आरोपीस भेटले नाही.
वाचून दाखवलं. खरे व बरोबर आहे.
शिपायानं पेन पुढे केलं
आणि चाळीस वर्षं हाच विषय शिकवणाऱ्या हातानं
मी सही केली.

जिन्यात लक्षात आलं.
परत वर गेले. दाराला कुलूप.
अर्ज करा सोमवारी, शिपाई म्हणाला,
होईल काहीतरी, न होईल.

खाली व्हॅनच्या जाळीमागे पुनो.
आजच्या कामातलं त्याला किती कळलं, देव जाणे.
तो माझ्या पायांकडे बघत होता.
म्हणाला,
बाय, तुमकांय बसूंक दिलें ना?