तोवर कोपर

कंपनीने दिलेला पट्टा, एका रात्रीपुरता.
आतून हिरवा उजेड गळतो मनगटाच्या केसांवर.
तू हसलास, म्हणालास राखीच आहे.
सबिहा मॅडम म्हणाल्या, रात्रभर काढायचा नाही,
आणि वहिनी, तुम्ही
यांना हलवायचं नाही. मशीनला बघू दे.

मशीन आज बघणार.
अकरा वर्षं मी बघतेय.
माहुलच्या खिडकीतून रिफायनरीची ज्योत
भिंतीवर लांबते, आखडते,
आणि त्या उजेडात तुझी छाती
एकाएकी विसरते पुढचं काम.
घोरणं थांबलं की पलीकडून सुभद्रा म्हणते, सुटलो बाई.
मी तिथून मोजायला लागते.
एक, दोन, गॅसवाल्याचे राहिलेले, सात, आठ,
नणंदेची भिशी, एकोणीस.
पंचविशीच्या पुढचे आकडे मला नको असतात.
मग कोपर.
मग तू हवा ओढतोस
कुलूप तोडून स्वतःच्याच घरात शिरल्यासारखी,
आणि सकाळी विचारतोस, बरगडी का दुखते गं.

वाशी नाक्याच्या सिग्नलला तुझा डोळा लागला,
स्टेअरिंगवर, भरदुपारी,
पाठीमागे बारा हजार लिटर.
मागच्या कुणीतरी हॉर्न मारला. त्याचं भलं होवो.
तू सांगितलं नाहीस.
क्लीनरच्या बायकोने सांगितलं, नळावर.

त्या रात्री दोन्ही हात उशीखाली दाबून पडले.
अठ्ठावीस.
हलवायचं नाही.
तेहेतीस. हिरवा दिवा आपला शांतपणे बघतोय,
त्याचं काय जातं.
अडतीस.
एवढी शिस्त मी शाळेतसुद्धा पाळली नव्हती.
एक्केचाळीस

रिपोर्टात तुझं काळीज करवतीसारखं:
ठोके खाली, खाली, मग एकदम उसळी,
पुन्हा खाली. तासात चौतीस दाते.
सबिहाने बोट ठेवलं तीन वाजून बारावर.
इथे काय झालं? हे वेगळं दिसतंय.
तू म्हणालास, मला काय माहीत, मी झोपलेलो.
मी पर्सची चेन उघडली, लावली.
म्हटलं, ती मी.

ती रागावेल वाटलं.
तिने पेन काढलं, त्या उंचवट्याशेजारी
बारीक अक्षरात लिहिलं: पत्नी.

हा नुसता संशय आहे म्हणाली,
खरी तपासणी पुढच्या महिन्यात, तारांची,
मग मास्क, मग त्याचे हप्ते.
तोवर यांना कुशीवर झोपवा.

भिंतीकडे तोंड करून की माझ्याकडे,
ते काही तिने सांगितलं नाही.